दाढीच्या साबणाचा फेस लगेच बसतो: दोष साबणाचा की पाण्याचा?

मांजराकाठ

नमस्कार. गेली चार वर्षे मी ट्यूबमधले क्रीम आणि तीन पात्यांचे रेझर सोडून ब्रश, गोल साबण आणि एका दुधारी पात्याचा रेझर यांनी दाढी करतो. रेझर आजोबांचा आहे. मूठ फिरवली की वरच्या दोन झडपा उघडतात आणि मधल्या खाचेत पाते बसते. इतक्या वर्षांनंतरही त्याची फिरकी सैल झालेली नाही. पुण्यात असताना या सरंजामाबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती.

जूनमध्ये बदली होऊन मी लातूरला, म्हणजे माझ्या मूळ गावीच आलो आणि तेव्हापासून फेसाचे बिनसले आहे. पूर्वी तो सायीसारखा दाट होत असे. आता कपडे धुण्याच्या पावडरीचा असावा तसा मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि एक गाल संपवून दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत बसलेला असतो. वाटीच्या कडेला पांढुरके, चिकट किटण धरते आणि ते नुसत्या बोटाने निघत नाही. हनुवटीखाली पाते ओढते, मानेवर लाल पुरळ उठते, आणि पुण्यात जे पाते पाच-सहा दाढ्यांना सहज पुरत असे ते आता दुसऱ्याच दाढीला बोथट लागते. साबण तोच, वाटी तीच. ब्रश मात्र गेल्या महिन्यात नवा घेतला, कारण जुन्याचे केस गळू लागले होते आणि मी आधी त्यालाच दोषी धरले होते. नवा ब्रश डुकराच्या केसांचा आहे. त्याने फेसात काही फरक पडला नाही, उलट ओला झाला की त्याला गोठ्यासारखा वास येतो, ही आणखी एक भर.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. महापालिकेचे येते, पण रोज येत नाही. वॉशबेसिनपाशी एक बादली भरून ठेवलेली असते, तिच्यातले पाणी मी दाढीला घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ते दिवस घरातले कोणी विसरलेले नाही, त्यामुळे नळ सोडून दाढी करणाऱ्याला आमच्याकडे अजूनही बोलणी बसतात.

नवा साबण घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, हा माझा प्रश्न आहे. परदेशी साबणांच्या किमती पाहिल्या तर चुकीचा घेऊन चालणार नाही.

सदाशिवपेठी

बोअरचे पाणी म्हटल्यावर साबणाला कशाला बोल लावता? आमच्या मामांकडे नगर जिल्ह्यात असेच पाणी होते आणि मामी अंघोळीच्या बादलीत अर्धे लिंबू पिळत असत, म्हणजे केस राठ होत नसत. दाढीच्या वाटीतही चार थेंब पिळून पाहावेत. एवढे करूनही जमले नाही तर क्रीमकडे परत यावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परीक्षानळी

लिंबू पिळू नका; कारण पुढे सांगतो. साबणही इतक्यात बदलू नका.

आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचे सुफेन आणि दुष्फेन असे दोन प्रकार होते, ते आठवत असतील. ज्यात फेस सुखाने होतो ते सुफेन, ज्यात होता होत नाही ते दुष्फेन. पाण्याचे लक्षण नावातच सांगून टाकणारा हा शब्द मला नेहमी आवडत आला आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार बरेचदा भरपूर असतात. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचे, म्हणजे तेला-चरबीतून मिळणाऱ्या आम्लाचे, सोडियम किंवा पोटॅशियम लवण, आणि ते पाण्यात विरघळते. पण पाण्यातला कॅल्शियम त्या स्निग्धाम्लाला धरून बसला की जे लवण तयार होते ते विरघळत नाही, आणि तुमच्या वाटीच्या कडेला जे पांढुरके किटण दिसते ते हेच. यात साबण वाया जातो हे तर झालेच, शिवाय या न विरघळलेल्या कणांमुळे बुडबुड्यांचे पातळ पापुद्रे फुटतात आणि उरलेल्या साबणाचा फेसही टिकत नाही.

दाढीच्या साबणाची घडण अंघोळीच्या साबणापेक्षा वेगळी असते, तिचाही येथे संबंध आहे. खोबरेल तेलापासून झालेल्या साबणाला फेस पटकन आणि भरघोस येतो, पण तो बसतोही तितक्याच लवकर. म्हणून दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे ठेवतात, ज्याचा फेस उशिरा येतो पण बारीक बुडबुड्यांचा आणि टिकाऊ असतो. नुसत्या सोडियमचा साबण कडक वडीसारखा होतो आणि ब्रशला दाद देत नाही, नुसत्या पोटॅशियमचा मऊ लगदा होतो. वडीत दोन्ही अल्कलींचे मिश्रण वापरतात आणि क्रीममध्ये बहुतांशी पोटॅशियमच असते. त्यात ग्लिसरीन असते ते फेस चेहऱ्यावर सुकू नये म्हणून. कॅल्शियम मात्र क्रीम आणि वडी असा भेद करत नाही, तेव्हा क्रीमकडे परतल्याने मूळ दुखणे जाणार नाही. क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेले असते आणि माणूस ते हात सैल सोडून घेतो, म्हणून दुखणे कमी जाणवते इतकेच.

आता थोडा हिशेब. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातल्या या क्षारांचे प्रमाण, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे दिले आहे. तुमचे पाणी ६०० चे धरू. कॅल्शियमचा एक आयन साबणातल्या स्टिअरेटच्या, म्हणजे स्टिअरिक आम्लापासून झालेल्या, दोन आयनांना अडकवतो, त्यामुळे वजनाच्या हिशेबात कठीणपणा आपल्या सहापट साबण खातो. ब्रश आणि वाटी मिळून २० मिलिलिटर पाणी लागते असे मानले तर त्यात १२ मिलिग्रॅम कठीणपणा आला, आणि त्याच्या पोटात गेलेला साबण झाला सुमारे ७३ मिलिग्रॅम. हा आकडा मोठा की लहान, हे तुम्ही ब्रशवर किती साबण घेता यावर ठरते. मी एकदा हौसेने वडी प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवून पाहिली होती. ब्रश पाच-सात वेळा फिरवला तेव्हा सुटलेला साबण पाव ग्रॅमही भरला नाही, आणि अर्धा मिनिट घोटला तेव्हा तो एका ग्रॅमच्या पुढे गेला. पाव ग्रॅमातून ७३ मिलिग्रॅम जाणे म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. एका ग्रॅममधून गेले तर कळणारही नाही.

निदान पक्के करायचे असेल तर गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी गॅरेजमधून आणा. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत ते आणि दुसरीत तुमचे बादलीतले पाणी निम्म्यापर्यंत घ्या, दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाका आणि झाकण लावून वीस वेळा हलवा. दहा मिनिटांनी बाटल्यांकडे पाहिले की उत्तर मिळेल.

राहिले लिंबू. अंघोळीनंतर केसांवर शेवटचे पाणी म्हणून ते ठीक आहे, कारण केसांवर बसलेले साबणाचे किटण आम्लाने निघते. फेस करण्यापूर्वीच आम्ल घातले तर ते साबणच फोडते; स्निग्धाम्ल मोकळे होऊन वर तरंगते आणि फेस होता तोही जातो. धुण्याच्या सोड्याने पाणी सुफेन होते हे खरे, पण ते इतके अल्कलीयुक्त होते की मानेवरच्या पुरळावर ते लावण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही.

एक गोष्ट विचारायची राहिली. ती बादली कोणत्या नळाखाली भरते?

मांजराकाठ

आपला प्रतिसाद वाचून मी उठून बादलीपाशी गेलो आणि परत येऊन हे लिहितो आहे. बादली कोणत्याही नळाखाली भरत नाही. स्वयंपाकघरात आरओचा फिल्टर आहे, त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी आम्ही बादलीत सोडली आहे, आणि भरलेली बादली सौ. वॉशबेसिनपाशी आणून ठेवतात. हात धुणे, फरशी पुसणे, कुंड्यांना घालणे असा तिचा उपयोग ठरलेला आहे. दाढीला ते पाणी वापरण्यात काही चूक असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. पाणी दिसायला अगदी स्वच्छ असते.

परीक्षानळी

दिसायला स्वच्छ असणारच, कारण गाळ आधीच्या जाळीत अडकलेला असतो. विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. घरगुती यंत्र साधारणपणे चार लिटर पाणी घेऊन एक लिटर पिण्याचे देते आणि तीन लिटर सोडून देते. चार लिटरांतले जवळपास सगळे क्षार त्या तीन लिटरांत येतात, म्हणजे ६०० चे पाणी ८०० चे होते. वरचा हिशेब पुन्हा केला तर २० मिलिलिटर पाण्यामागे ९८ मिलिग्रॅम साबण गेला. बादली आकाश कोसळावे इतकी वाईट नाही, बोअरच्या नळापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अधिक जड आहे एवढेच. पण घरातले सगळ्यांत जड पाणी शोधून तुम्ही नेमके त्यात ब्रश बुडवत होता.

उपाय त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीत आहे. फेसापुरते अर्धी वाटी पाणी पिण्याच्या नळीतून घ्या. त्यासाठी दीड वाटी पाणी बादलीत पडेल, आणि ते तुमच्या कुंड्यांना जाणारच आहे, तेव्हा घरात बोलणी बसू नयेत. तोंड आणि रेझर धुण्यासाठी बादली चालेल.

धोकटी

परीक्षानळी यांचे शास्त्र बरोबर आहे, पण पाणी बदलले की सारे सुधारेल असे समजू नये. माझे सलून आहे, वडिलांचेही होते, आणि ज्यांच्या मानेवर पुरळ उठते त्यांच्यातले निम्मे लोक पाण्यामुळे नव्हे तर घाईमुळे त्रास भोगतात, असे माझे मत आहे.

आधी दाढी भिजू द्यावी. अंघोळ करून मग दाढी करणाऱ्याला हे आयते मिळते. नाहीतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे गालांवर ठेवावा. कोरडा खुंट ताठ असतो, पाणी पिऊन फुगला की मऊ पडतो आणि पाते त्यातून सहज जाते. मग ब्रश भिजवून दोनदा झटकावा, म्हणजे तो ओला राहील पण गळणार नाही, आणि साबणावर निदान अर्धा मिनिट गोल फिरवावा. पहिल्या दहा सेकंदांत जो फेस वर येतो त्याला लोक भुलतात. तो नुसता वारा असतो. ब्रशच्या टोकांवर मलमासारखा लगदा चढला की साबण पुरेसा झाला असे समजावे, आणि त्यानंतर वाटीत किंवा सरळ गालावर घोटताना पाणी थेंबाथेंबाने द्यावे. पाणी कमी असेल तर फेस खडूसारखा निस्तेज दिसतो आणि ओढतो, जास्त झाले तर बुडबुडे मोठे होतात. बरोबर जमलेल्या फेसाला ओल्या चुन्यासारखी चकाकी येते आणि ब्रश उचलला की त्याचे टोक किंचित वाकते.

मानेबद्दल सांगायचे तर दाढी करण्यापूर्वी कोरड्या मानेवरून बोटे चारही दिशांनी फिरवून पाहा. गालावरचे केस बहुतेकांचे खाली वाढतात, पण मानेवर ते आडवे जातात, काहींना दोन्ही बाजूंना भोवराच असतो. जेथे बोट अडते त्याच्या उलट दिशा सुलटी. पहिला हात सुलटाच मारावा, दुसरा हवाच असेल तर पुन्हा फेस लावून आडवा, आणि पुरळ बरे होईपर्यंत उलटा हात मानेवर मारूच नये. दाब देण्याचे काम रेझरच्या वजनावर सोडावे. आमच्या वस्तऱ्यात हल्ली अर्धे ब्लेड असते, प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदातच मोडून नवे लावतो, आणि त्याला स्वतःचे वजन जवळपास नसते. तरीही ते हाताच्या जोराने नव्हे तर डाव्या हाताने कातडी ताणून चालवावे लागते. आपल्या आजोबांचा रेझर पितळेचा असेल तर तो पुरेसा जड आहे.

शेवटी तुरटी. गार पाण्याने तोंड धुऊन ओली तुरटी हलक्या हाताने फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. तुरटी चहाडी करते: जेथे झोंबेल तेथे पाते दाबले गेले होते असे समजावे, आणि दुसऱ्या दिवशी तेथे हात हलका ठेवावा. ती मात्र दाढीनंतरच. काही घरांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळायला ठेवतात. असल्या पाण्यात ब्रश बुडवला की फेस जागीच मरतो, हे मी लहानपणी वडिलांची बोलणी खाऊन शिकलो.

रत्नांग्रीकर लंडन

तुरटीचे कारण परीक्षानळी सांगतीलच, बहुधा तिच्यातला ॲल्युमिनियम कॅल्शियमचेच काम करत असावा.

मी बारा वर्षे लंडनमध्ये राहतो आणि येथील पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येत असल्यामुळे चांगलेच जड आहे. पाणी उकळण्याच्या किटलीत महिन्याभरात पांढरी खपली धरते. गंमत म्हणजे दाढीच्या साबणाची जुनी नावाजलेली दुकाने याच शहरात आहेत. ट्रुफिट अँड हिल १८०५ पासून आहे, डी. आर. हॅरिस त्याच्याही आधीचे, १७९० चे. तेव्हा जड पाण्यात चांगली दाढी होत नाही असे मानू नये, साबण सढळ हाताने घ्यावा लागतो. मी रत्नागिरीला घरी जातो तेव्हा जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात तोच ब्रश, तेवढाच घोटला तरी दुप्पट फेस देतो आणि मला दर वेळी हात आखडता घ्यावा लागतो. लंडनला सवय झालेली असते.

ब्रशच्या वासाची काळजी नसावी. डुकराचा केस पाणी शोषतो, म्हणून तो वापरण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे भिजत ठेवावा लागतो; नव्या ब्रशमध्ये चांगला दाट फेस करून तो रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी धुतला, असे चार-पाच वेळा केले की वास जातो. दोनेक महिन्यांत केसांची टोके दुभंगून मऊ होतात आणि मग तो ब्रश जन्मभराचा सोबती होतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र ब्रशची धास्ती खरी होती: पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या, घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून अनेक सैनिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला होता.

पाते लवकर बोथट होण्याबद्दल कोणी लिहिले नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पात्याची धार पाहिली. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते, तरी धार झिजण्याऐवजी तिचे बारीक टवके उडतात असे त्यांना आढळले, आणि केस पात्याखाली वाकून तिरपा झाला की टवका उडण्याची शक्यता वाढते. यावरून आपल्या पात्याचा निवाडा करणे धाडसाचे होईल, पण खुंट नीट भिजलेला नाही, फेस बसला आहे आणि आपण तेवढ्याच जागी पुन्हा पुन्हा हात मारत आहात, असे असेल तर पाते दोन दाढ्यांत थकले यात मला नवल वाटत नाही.

मांजराकाठ

सतरा दिवसांनी लिहितो आहे, कारण दोन-तीन दाढ्यांवर मत बनवायचे नव्हते.

बाटल्यांचा प्रयोग केला. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत दहा मिनिटांनीही चार बोटे फेस उभा होता आणि खालचे पाणी जवळपास स्वच्छ होते. बादलीच्या पाण्यात बुडबुड्यांची कडेला एक कड राहिली होती, आणि पाणी ताकासारखे गढूळ होऊन त्यात पांढरे कण फिरत होते. घरातल्या सर्वांना बोलावून दाखवले. चिरंजिवांनी ती बाटली शाळेत नेली आहे.

पहिले आठ दिवस मी मुद्दाम फक्त पाणी बदलले, बाकी सारे तसेच ठेवले. फेस तिसऱ्या मिनिटापर्यंत टिकू लागला, पण पुण्यासारखा नव्हता. मग धोकटी यांच्या सांगण्याप्रमाणे अर्धा मिनिट घड्याळ लावून घोटले आणि तेव्हा कुठे सायीसारखा फेस दिसला; मी पुण्यातही जेमतेम दहा सेकंदच घोटत होतो आणि तेथील धरणाचे पाणी माझी चूक पोटात घालत होते. मग हट्टाने एक दिवस बोअरच्या नळाचे पाणी घेऊन पूर्ण अर्धा मिनिट घोटले, तर फेस थोडा कमी, पण दाढीला पुरेसा झाला. मानेवर डाव्या बाजूला भोवरा निघाला. तेथे मी इतकी वर्षे उलटा हात मारत होतो. पुरळ गेले आहे, तुरटी अजून हनुवटीखाली एका जागी झोंबते. चालू पाते चौथ्या दाढीला आहे. नवा साबण घेतलेला नाही.

वाटीला बसलेले जुने किटण मात्र काही केल्या निघत नाही, आणि जुन्या ब्रशच्या मुळाशीही तेच दिसते. तो टाकून द्यावा का?

परीक्षानळी

टाकू नका. येथे आता सदाशिवपेठी यांच्या मामींचे लिंबू कामाला येईल. अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ब्रशचे केस तेवढेच त्यात पाच मिनिटे बुडवा, मूठ बुडवू नका. मग पिण्याच्या पाण्याने खळखळून धुवा आणि सावलीत टांगून वाळवा. वाटी त्याच पाण्यात भिजवून घासली की निघेल. जुन्या ब्रशचे केस गळत होते म्हणालात. मुळाशी साचलेल्या किटणाने केस राठ होऊन तुटतात, तेव्हा धुतल्यावर आठवडाभर वापरून पाहा आणि मगच ठरवा.